जयाकाकूंचा पॉज

नंदनवन, नागपूर
६ जानेवारी २०२६

रविंद्र,

हे पत्र तुमच्या गेटवरच्या चौकीदाराकडे ठेवून मी परत जाणार आहे. वर येणार नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केल्यामुळे आधी संदर्भ लिहायची सवय लागली आहे. तेव्हा तुला माहीत असलेलंच लिहितो. तुझी ताई, माझी बायको गोपिका, हिला जाऊन येत्या २२ तारखेला वर्ष होईल. तुझ्या ‘तिसरा माळा’ या विनोदी मालिकेत तिनं शेजारच्या जयाकाकूंचं काम केलं. लोकांना काकू इतक्या आवडल्या की मुंबईच्या कंपनीनं तेवढं एक पात्र उचलून वेगळी मालिका करायला सांगितली. तुम्ही त्याला स्पिन-ऑफ म्हणता. ‘जयाकाकू निघाल्या’ असं तिचं नाव. आठ भाग झाले आणि ती पडली. आता तुझी बायको भावना सांगते की त्या मालिकेचं न वापरलेलं शूटिंग तू २२ ला संध्याकाळी तुझ्या चॅनेलवर टाकणार आहेस.

माझी विनंती आहे की ते टाकू नये.

त्या शूटिंगमध्ये गोपिका पुष्कळदा थकलेली दिसते. काही ठिकाणी पदर नीट नाही, केस विस्कटलेले आहेत. तिला ते आवडलं नसतं. शिवाय कंपनीची परवानगी लागेल, ती तू घेतली आहेस की नाही मला माहीत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी लोकांनी तिला पाहून हसावं, हेही मला बरं वाटत नाही.

एवढं लिहून पुन्हा वाचलं. यातलं एकही कारण तुला पटणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

गंगाबाई घाटावर, गोपिकेच्या चितेपाशी, सगळ्यांसमोर मी तुला जे बोललो, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. “तुझ्या शूटिंगनं खाल्लं माह्या गोपिकेले.” त्यानंतर तू तेरवीलाही आला नाहीस. ते वाक्य परत घेता येईल का, याचा मी वर्षभर विचार करतो आहे. घेता येईल, पण त्यासाठी दुसरं काही सांगावं लागेल, आणि त्याची मला भीती वाटते.

सध्या एवढंच मान्य कर. टाकू नकोस.

रुपराव


नंदनवन
९ जानेवारी

रविंद्र,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी दोन दिवस फोन हातातून ठेवला नाही. वाजला की दचकतो आणि नाही वाजला की उघडून बघतो.

भावनानं तुझ्या व्हिडिओची लिंक पाठवली होती. त्यात तू म्हणतोस की दुसऱ्या मालिकेनं जयाकाकूंवर अन्याय केला आणि चूक पूर्णपणे तुझी होती. ताईला दमवलं, उन्हात फिरवलं, तिच्यातली गंमत मारली. म्हणून आता उरलेलं शूटिंग दाखवायचं, म्हणजे ती खरी कशी होती ते लोकांना कळेल. खाली लोकांनी तुला धीर दिला आहे, काहींनी शिव्या दिल्या आहेत. त्या शिव्या मी सगळ्या वाचल्या.

त्यानंतर आठही भाग पाहिले. मी वाङ्मयातला माणूस नाही, पण दोन्ही मालिकांच्या स्क्रिप्ट माझ्या हाताखालून गेल्या आहेत, म्हणून थोडं लिहितो.

‘तिसरा माळा’मधल्या काकू काहीतरी मागायला यायच्या. साखर, शिडी, इस्त्री. एकदा तर घरात आलेला पाहुणाच त्यांनी पंखा बसवायला मागून नेला. चार वाक्यं बोलायच्या, त्यातलं एक धडधडीत खोटं असायचं, आणि जायच्या. घरातली माणसं पुढची दहा मिनिटं त्या खोट्यापायी भांडत बसायची. काकू चांगल्या नव्हत्या. कोण किती बॅगा घेऊन आलं हे त्या जिन्यात उभ्या राहून बघायच्या. आणि मधेच, वाक्य अर्धं सोडून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबायच्या. लोक त्याला काकूचा पॉज म्हणायला लागले. त्या दोन सेकंदांत आता ही बाई काय बोलणार म्हणून माणूस श्वास रोखून बसायचा.

दुसऱ्या मालिकेत काकू कोणाला काहीच मागत नाहीत. गांधीबागेत कापडाच्या व्यापाऱ्याचं आणि त्याच्या भावाचं भांडण मिटवतात. नरखेडला संत्र्याच्या बागेत जाऊन कुणाच्या मुलीचं कॉलेज सुरू करून देतात. प्रत्येक भागाच्या शेवटी बासरी वाजते आणि काकू शहाणपणाचं बोलतात. त्या शहाण्या दिसाव्यात म्हणून बाकी सगळ्यांना मठ्ठ केलं आहे. आणि पॉज एकही नाही. सगळे कापले.

पहिल्या भागाची स्क्रिप्ट वाचून गोपिकेनं तुला विचारलं होतं, आठवतं का?

“ही बाई काही मांगत काहून नाही?”

“ताई, आता तू हिरोइन आहेस. हिरोइन मांगत नाही, देते.”

“मंग हे जया नोहे. हे दुसरीच कोनी होय.”

तू हसलास. ती हसली नव्हती.

पण स्क्रिप्ट अशी का होत गेली, हे तू व्हिडिओत अर्धंच सांगितलंस. पहिल्या भागाची स्क्रिप्ट कंपनीची होती, ते सोड. तिसऱ्या भागापासून तिची वाक्यं लहान का झाली? काकूंची भाची म्हणून मिनल नावाची ती मुलगी घेतली होती. काकूंची वाक्यं तिच्या तोंडी का गेली? तू म्हणतोस, ताई थकली होती म्हणून तिचा भार कमी केला. तू खोटं बोलत नाहीस. तुला तेवढंच माहीत आहे.

इथे थांबतो. पत्र घेऊन निघायची वेळ झाली आहे. उशीर झाला तर मी जाणारच नाही, हे मला ठाऊक आहे.

रुपराव


नंदनवन
१३ जानेवारी

रविंद्र,

काल भावनाचा फोन आला. माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस आणि खिशात घालून कामाला गेलास, असं म्हणाली. मी तिला विचारलं, नेमकं काय टाकणार आहे तो? ती उत्साहानं सांगायला लागली.

“भाऊजी, सगळ्यात पहिले रामटेकची क्लिप आहे न, पायऱ्यांवरची. काकू डायरेक्टरलेच ओळखत नाही ते! हे तर एडिट करता करता हसू हसू रडले. लोकं पागल होतील पाहून.”

“ती क्लिप नको.”

“काहून जी? तेच तर बेस्ट आहे.”

“नको म्हटलं न.”

“मंग तुम्हीच सांगा त्याहिले. मी मधात पडली का दोन्हीकडून मलेच बोलणं बसते. आन् तुम्ही काहून इतकं टेन्शन घेऊन राहिले? ताईचं चांगलंच होऊन राहिलं न.”

तिचा काही दोष नाही. फोन ठेवल्यावर गॅस पेटवायचंही राहून गेलं. दूध थंडच प्यालो.

आता काही गोष्टी लिहायलाच हव्यात. जेवढ्या जमतील तेवढ्या आज लिहितो.

आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात तालमी फार होत नाहीत, हे तुला सांगायला नको. तू वडसाचाच, या नाटक मंडळ्यांच्या गावचा. दिवाळी झाली की मंडळी आज या गावात, उद्या त्या. पाठ करायला कुणाला सवड नसते. प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि आपलं करून बोलतो. गोपिका ज्या मंडळीत होती, तिथं मी खात्यातून रजा टाकून प्रॉम्प्टिंगला जायचो. ती म्हणायची, “मी तुमच्या आवाजासोबत लगन केलं, तोंड तर मागून पाहिलं. पहिले पाहिलं असतं तर केलं नसतं.”

म्हणून ‘तिसरा माळा’च्या पहिल्या दिवशी तू सगळ्यांना सांगितलंस, “ताईले प्रॉम्प्टर लागते. झाडीपट्टीची सवय आहे. भाऊजी दाराच्या मागं बसतील.” मी स्वयंपाकघराच्या दाराआड प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. दोन वर्षं बसलो. लोकांचा तो आवडता पॉज म्हणजे तिला माझं वाक्य ऐकायला लागणारा वेळ होता. आपण तिघं त्यावर किती हसलो आहोत.

आता तुला माहीत नसलेलं. पहिल्या वर्षी मी तिला वाक्याचा पहिला शब्द द्यायचो. दुसऱ्या वर्षी अर्धं वाक्य द्यावं लागे. शेवटच्या दहा भागांत मी पूर्ण वाक्य द्यायचो, आणि पुष्कळदा दोनदा.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रॉम्प्टर लागतोच, ही सगळ्यांना सवय झाली होती. तुलाही. आणि मी माझं काम चांगलं करत होतो.

यापुढे आज लिहवत नाही.

रुपराव


नंदनवन
१७ जानेवारी

रविंद्र,

परवा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या गेटपर्यंत आलो होतो. नायलॉन मांज्याच्या भीतीनं गळ्याला दोन मफलर गुंडाळले होते. चौकीदार हसला. “काय बाबाजी, युद्धावर चालले का?” खिशात पत्र होतं. त्याला म्हटलं, सहज आलो होतो. आणि परत बसमध्ये बसलो. ते पत्र फाडलं. हे दुसरं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी गोपिकेला धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं होतं. त्याआधी दोन महिन्यांत ती दोनदा घराची गल्ली चुकली होती. एकदा भाजीत मीठ घातलं की नाही हे तिनं मला इतक्या वेळा विचारलं की शेवटी ती रडायला लागली. डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी सवयीनं तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तुम्ही सांगू नका. तुम्ही बाहेर बसा.”

स्मृतिभ्रंश. अठ्ठावन्नाव्या वर्षी. वाढत जाईल, म्हणाले. अनोळखी जागा आणि गर्दी टाळा, हे त्यांनी कागदावरही लिहून दिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

परत येताना ऑटोत तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “रवीले सांगू नका. मुंबईवाल्याहिचा फोन आला त्याले काल. लहानपणापासून त्याचं कोणतंच काम पुरं झालं नाही, हे होऊ द्या.” तुमची आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि ही अठराची. तुझ्याबाबतीत ती कुणाचं ऐकत नसे.

मी तुला सांगितलं की बी-ट्वेल्व्ह कमी आहे, इंजेक्शनं चालू आहेत. तू दुसऱ्या दिवशी खजूर घेऊन आलास.

तिनं सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं लिहून हे पत्र इथे संपवता आलं असतं. आधीच्या पत्रात तसंच संपवलं होतं. म्हणूनच ते फाडलं. खरं असं आहे की मालिका बंद पडावी असं मलाही वाटत नव्हतं. निवृत्त झाल्यावर मला कुणी विचारत नव्हतं. त्या दाराआड मी वाक्य सांगायचो, ती बोलायची आणि पलीकडे पन्नास माणसं हसायची. शिवाय ती माझं वाक्य घेऊन बोलते तोवर ती बरी आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पाच वाक्यं नीट गेली की घरी येताना मला वाटायचं, डॉक्टर चुकले असतील.

मग नवी मालिका आली. शूटिंग बाहेर आणि आवाज जागेवरच रेकॉर्ड होणार, म्हणून मुंबईच्या लोकांनी प्रॉम्प्टर चालणार नाही असं सांगितलं. तू मला समजावलंस, “भाऊजी, आता तुम्ही आराम करा. तिच्या कानात मशीन लावू, त्यातून वाक्यं सांगू.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बरं.

ते मशीन लावल्यावर ती काय करायची, ते तू पाहिलं आहेस. “कोन बोलून राहिलं?” असं म्हणत मागे वळून बघायची. सगळ्यांना गंमत वाटायची. तिला काय होत होतं, ते मला कळत होतं. तीस वर्षं जो आवाज एका दाराआडून यायचा, तो आता सगळीकडून यायला लागला होता, आणि तो माझा नव्हता.

जयाकाकूंचं मातेरं का झालं, याचं उत्तर एवढंच आहे. तुला जी थकलेली वाटली, ती थकलेली नव्हती. ती विसरत होती. तू तिला जपायला म्हणून वाक्यं कमी करत गेलास आणि काकू मिटत गेल्या. मी सांगितलं असतं तर तू मालिका घेतलीच नसतीस. तुझ्या नावावर जी चूक व्हिडिओत लावून घेतली आहेस, ती माझी आहे.

मालिका बंद पडल्यावर तू मुंबईला गेलास. फोन केलास की मी म्हणायचो, ती झोपली आहे. दोनदा बोलली तुझ्याशी, तेव्हा मी बाजूला बसलो होतो. डिसेंबरात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यात न्यूमोनिया झाला. ते तुला माहीत आहे.

घाटावर मी तुला जे बोललो, ते मला स्वतःला बोलायचं होतं. तू समोर होतास.

हे पत्र आज नक्की देतो आहे. रामटेकबद्दल अजून लिहिलेलं नाही.

रुपराव


नंदनवन
२० जानेवारी

रविंद्र,

तीन दिवस तुझा फोन नाही, भावनाचाही नाही. परवा तू ते टाकशील. आज लिहिलं नाही तर उपयोग नाही.

गडावर शूटिंग होतं त्या दिवशी दर्शनाचं निमित्त काढून मी तुमच्याबरोबर आलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. पायऱ्यांवर माकडं होती, भाविकांची ये-जा चालू होती, तुमची माणसं लोकांना थांबवत होती. म्हणजे डॉक्टरांनी जे टाळायला सांगितलं होतं, ते सगळं तिथं होतं. तिला मिनलबरोबर पाच पायऱ्या चढून एक वाक्य बोलायचं होतं. तीनदा चुकलं. तू कॅमेऱ्यापाशी होतास, तो उठून तिच्याजवळ गेलास आणि कुठे थांबायचं ते पायानं दाखवलंस. कॅमेरा चालूच होता.

तिनं तुझ्याकडे नीट पाहिलं. मग मिनलला विचारलं, “हा पोरगा कोन आहे वं? मघापासून मले काय सांगून राहिला?”

मिनल फसकन हसली. मग सगळेच. तू छातीवर हात ठेवून वाकलास आणि म्हणालास, “मी डायरेक्टर आहे, काकू.”

ती म्हणाली, “असाल बाप्पा.”

त्यावर तर तू पायरीवरच बसलास हसत. ती काकूंच्या थाटात तुझी फिरकी घेते आहे, असं तुला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

रविंद्र, ती फिरकी घेत नव्हती. त्या वेळी तू कोण आहेस हे तिला माहीत नव्हतं.

मी पाण्याची बाटली घेऊन दहा पायऱ्या खाली उभा होतो.  मी कठडा धरला. आणि सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. क्लिप नीट बघितलीस तर उजव्या कोपऱ्यात मी हसताना दिसेन. आणखी पुढे बघितलंस तर तिचा चेहरा दिसेल. लोक का हसतात हे तिला कळत नाही. ती मला शोधते आहे.

हे तुला कधी सांगायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. ती गेल्यावर तर पक्कं ठरवलं. ज्या बहिणीनं तुला वाढवलं तिनं तुला ओळखलं नाही आणि तू हसलास, हे घेऊन तू कसा जगशील, याची मला भीती वाटत होती. अजून वाटते. पण न सांगता ती क्लिप गेली असती, तर लाखभर लोक तुझ्यासारखेच हसले असते. दर वर्षी कुणीतरी ती तुला पाठवली असती. आणि कधीतरी एखाद्या डॉक्टरनं, नर्सनं ती बघून खाली लिहिलं असतं की या बाई आजारी आहेत. ते तुला परक्याकडून कळलं असतं. मी दोन्हींचा खूप विचार केला. दोन्हींत तुला लागणारच आहे.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. पुन्हा कधी बोलला नाहीस तरी मी समजेन. ती क्लिप टाकू नकोस.

हे पत्र चौकीदाराला देणार नाही. भावनाच्या हातात देईन आणि ती दार लावेपर्यंत थांबेन.

रुपराव


नंदनवन
२४ जानेवारी

रविंद्र,

२१ ला सकाळी भावनाचा फोन आला होता. “भाऊजी, काय लिहिलं त्याच्यात तुम्ही? हे खोलीचं दार लावून बसले. जेवले नाही, चहा नाही घेतला. मले भेव लागून राहिलं.” मी तिला दार वाजवत राहा, एवढं म्हटलं. त्यानंतरचा दिवस माझा कसा गेला, ते लिहीत नाही. २२ ला श्राद्धाचा स्वयंपाक झाला, गुरुजी येऊन गेले, आणि संध्याकाळी सहाला मी फोन समोर ठेवून बसलो. काही आलं नाही. सात वाजता भावनाच तुझी चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिली.

ती चिठ्ठी तेव्हापासून टेबलावर आहे.

“भाऊजी, टाकत नाही. काहीच टाकत नाही. मला एकच सांगा. दवाखान्यात शेवटच्या शनिवारी मी आलो, तेव्हा ताई म्हणाली, रवी, जेवला का गा? तेवढ्यावर मी हे वर्ष काढलं. तुम्ही तिच्या उशाशी होता. ते तुम्ही सांगितलं होतं का? खरं सांगा.”

मी पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं, ‘नाही, मी सांगितलं नव्हतं.’ पाकिटात घातलं, चिकटवलंही. मग उघडलं. तू खरं विचारलं आहेस आणि या अठरा दिवसांत मी एवढं लिहिल्यावर आता शेवटी खोटं लिहिणं बरं नाही. पण खरं लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून दोन दिवस लागले.

तू आत आलास तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तिनं तुला ओळखलं नव्हतं. दारातून कुणीतरी आलं, एवढंच तिला दिसलं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, “रवी.” तुला वाटलं मी उशी सारखी करतो आहे. तिनं तुझ्याकडे बघून म्हटलं, “रवी.” ते नाव मी दिलं होतं.

पुढचं वाक्यही मी दिलं. मी तिला सांगितलं, “कधी आला.” दोन शब्दांचं सोपं वाक्य, तिला उचलता येईल असं. ती थांबली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, “कधी आला.”

तिनं ते घेतलं नाही. माझ्याकडे डोळे वळवलेसुद्धा नाहीत. तुझ्याकडेच बघत होती. आणि म्हणाली, “जेवला का गा?”

आदल्या दिवशी तिनं नर्सलाही तसंच विचारलं होतं, तेही तुला सांगायला हवं. पण नर्सला ती ‘बाई’ म्हणाली होती आणि तुला ‘गा’ म्हणाली, घरच्या पोराला म्हणतात तसं. ते तिला कुठून आलं, मला माहीत नाही. मी दिलेलं नव्हतं. तीस वर्षांत मी सांगितलेलं वाक्य बाजूला ठेवून ती स्वतःचं बोलली, असं त्या एकाच वेळी झालं.

तू म्हणालास, “हो ताई, जेवलो.”

तू सकाळपासून काही खाल्लं नव्हतंस. मला दिसत होतं. 

रुपराव